वाचक सगळ्यांचा

ग्रंथालयात काय असतं, असं कुणालाही विचारा. पुस्तकं असतात, कपाटं असतात, वर्तमानपत्रांचं लांब टेबल असतं, भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी असते. माणसंही असतात, हे सहसा कुणी सांगत नाही. फार तर टेबलामागे बसलेले ग्रंथपाल आठवतात. पण तुमच्या हातात पडणारं प्रत्येक पुस्तक त्याआधी पाच-सहा जणांच्या हातांतून गेलेलं असतं. आज त्या हातांविषयी बोलायचं आहे. ते एकमेकांना धरून काम करतात की नाही, यावर ग्रंथालय ग्रंथालय राहणार की पुस्तकांचं गोदाम होणार, हे ठरत असतं.

एका पुस्तकाचा प्रवास बघा. कुणी तरी ते निवडतं, विक्रेत्याकडे मागणी जाते. गठ्ठा आला की बिलाशी ताडून पाहतात. मग दाखल नोंदवहीत पुस्तकाला क्रमांक मिळतो. विषय बघून वर्गांक दिला जातो, तालिकेत नोंद होते. कुणी शिक्का मारतं, कुणी पाठीवर चिठ्ठी डकवतं, अलीकडे बारकोडही लावतं. मग सेवक ते नेऊन जागेवर लावतो. सभासद आला की देवघेवीच्या खिडकीवरचा निर्गम साहाय्यक ते त्याच्या नावावर टाकतो. परत आलं की पुन्हा जागेवर, फाटलं की बांधणीला. या साखळीतला एक दुवा जरी सैल पडला, तरी बाकीच्यांचं काम वाचकाच्या दृष्टीनं नसल्यासारखंच. तालिकेत अचूक नोंदवलेलं, पण चुकीच्या कप्प्यात खोचलेलं पुस्तक आणि हरवलेलं पुस्तक, यांत वाचकाला काय फरक?

एका ग्रंथालयात मी पाहिलेली गोष्ट सांगते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी राज्यघटनेवरचं एक पुस्तक मागायला तीन आठवडे येत होती. घरून एसटीनं यायची. खिडकीवरचे गृहस्थ यादी बघायचे आणि ‘अजून आलं नाही’ म्हणून सांगायचे. ते खोटं बोलत नव्हते, यादीत ते पुस्तक नव्हतंच. पण आतल्या खोलीत त्याच पुस्तकाच्या दोन प्रती गठ्ठ्यात बांधलेल्या होत्या. बिलाच्या बेरजेत वीस रुपयांचा फरक होता, म्हणून लिपिकानं गठ्ठा बाजूला ठेवून विक्रेत्याला पत्र पाठवलं होतं. लिपिकाचं नियमानं बरोबर होतं. वर्गीकरण करणाऱ्या बाईंकडे पुस्तक पोचलंच नव्हतं, तेव्हा त्यांचाही दोष नाही. प्रत्येक जण आपापल्या टेबलापुरता चोख होता. त्या मुलीची परीक्षा मात्र होऊन गेली.

अशा वेळी आपण चटकन म्हणतो, ‘कर्मचारी आळशी आहेत, त्यांना कामाची आच नाही.’ माझा अनुभव वेगळा आहे. ‘ते माझं काम नाही’ हे वाक्य आळशी माणसापेक्षा अशा माणसाच्या तोंडी जास्त येतं, ज्याला आपल्या कामाचा शेवट कधी दिसलेलाच नाही. लिपिकाला बिल दिसतं, पण ती मुलगी दिसत नाही. शिक्के मारणाऱ्याला दोनशे पुस्तकांचा ढीग दिसतो, पण त्यातलं कुठलं पुस्तक कोण डोळ्यांत प्राण आणून शोधतंय, हे त्याला ठाऊक नसतं. आपण कामाचे तुकडे केले, प्रत्येकाला एकेक तुकडा दिला आणि वाचक मात्र फक्त खिडकीवरच्या माणसाच्या वाट्याला ठेवला. मग जो तो आपला तुकडा सांभाळतो. यात त्याचा स्वभाव कमी आणि आपली मांडणी जास्त कारणीभूत असते.

आपल्या देशात ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे डॉ. एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो. ग्रंथालयाच्या साऱ्या कामामागची तत्त्वं थोडक्यात सांगता येतील का, याचा त्यांना ध्यास लागला होता. त्यातलं पहिलं तत्त्व त्यांना त्यांचे गणिताचे गुरू प्राध्यापक रॉस यांनी सहज बोलता बोलता सुचवलं. पुढं १९३१ साली त्यांचं पंचसूत्रांवरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. ग्रंथ वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा आणि ग्रंथालय सतत वाढत राहणारं असतं, असा त्या सूत्रांचा आशय.

ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या प्रत्येकाला ही सूत्रं पाठ असतात. पण पुस्तकं जागेवर लावणाऱ्या सेवकाला ती कुणी कधी समजावून सांगितली? वास्तविक वाचकाचा वेळ वाचवण्याचं सूत्र सर्वांत जास्त त्याच्याच हातात असतं. पुस्तक योग्य कप्प्यात ठेवणं म्हणजे कुणाची तरी अर्ध्या तासाची शोधाशोध वाचवणं, हे त्याला कळलं की त्याच कामाचा अर्थ बदलतो. सूत्रं पदविकाधारकांच्या परीक्षेपुरती ठेवायची नाहीत. सकाळी कुलूप उघडणाऱ्यापासून संध्याकाळी दिवे मालवणाऱ्यापर्यंत ती सगळ्यांची व्हायला हवीत. संघभावना म्हणतात ती इथून सुरू होते. सगळ्यांचं एकमेकांशी सख्य असलंच पाहिजे असं नाही. सगळ्यांचा वाचक एक असला पाहिजे.

आता कुणी म्हणेल, ‘बाई, हे बोलायला ठीक आहे. आधी पगाराचं बोला.’ बोलायलाच हवं. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळू लागलं. २०२२ मध्ये या अनुदानात ६० टक्के वाढ करण्याचा निर्णय झाला. तरीही त्या वाढीनंतर ड वर्गाच्या ग्रंथालयाची वर्षाची रक्कम पन्नास हजार रुपयांच्या आतच राहिली. त्यातून पुस्तकं, नियतकालिकं, वीज आणि माणसाचा पगार. हिशेब तुम्हीच करा. वेतनश्रेणी आणि सेवाशर्तींची मागणी ग्रंथालय सेवकांच्या संघटना वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. पोटाला चिमटा बसलेल्या माणसाला प्रेरणेवर व्याख्यान देणं ही थट्टा आहे, हे आधी मान्य करू या.

पण पैशानं काय होतं आणि काय होत नाही, हेही समजून घ्यावं. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसह पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनीसांना विचारलं, ‘नोकरीत तुम्हाला फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी वाटलं?’ १९५९ साली त्यांचं पुस्तक आलं. वाईट आठवणींत पगार, साहेबाचं वागणं, कामाची जागा, जाचक नियम हे पुन्हा पुन्हा येत होतं. चांगल्या आठवणींत काही तरी तडीस नेल्याचं समाधान, कुणी दखल घेतली तो दिवस, अंगावर सोपवलेली जबाबदारी, हे येत होतं. या निष्कर्षांवर पुढं टीकाही झाली. चांगल्याचं श्रेय माणूस स्वतःकडे घेतो आणि वाइटाचं खापर परिस्थितीवर फोडतो, असं टीकाकार म्हणाले. तरी त्यातली एक गोष्ट आपल्या अनुभवाला पटते. पगार वेळेवर झाला नाही तर माणूस नाराज होतो, पण वेळेवर झाला म्हणून तो आपोआप उत्साही होत नाही. नाराजी दूर करणं आणि उमेद जागवणं ही दोन वेगळी कामं आहेत. एक केलं म्हणून दुसऱ्यातून सुटका नाही. संचालक मंडळांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण पगाराचा विषय टाळण्यासाठी ‘सेवाभाव’ हा शब्द आपल्याकडे फार स्वस्तात वापरला जातो.

उमेद जागते कशानं? एक छोटा प्रयोग सांगते. एका अमेरिकी विद्यापीठासाठी काही जण फोन करून देणग्या गोळा करायचे. त्या देणग्यांतून विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळायच्या. काम कंटाळवाणं, दिवसभर नकार ऐकायचे. अ‍ॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या काही जणांची शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी जेमतेम पाच-दहा मिनिटं गाठ घालून दिली. पगार तोच, साहेब तोच. महिन्यानंतर पाहिलं, तर या गटाचा फोनवरचा वेळ आणि जमलेली रक्कम, दोन्ही दुपटीच्या वर गेली होती. २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. गट लहान होता, तेव्हा आकड्यांवर फार भार टाकू नये. पण दिशा स्पष्ट आहे. ज्याच्यासाठी आपण काम करतो तो माणूस डोळ्यांनी दिसला की तेच काम वेगळं वाटू लागतं.

आपल्या ग्रंथालयांत यासाठी खर्च जवळजवळ काहीच येत नाही. मी करून पाहिलेल्या चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट नकारवहीची. वाचकाला ‘नाही’ म्हणावं लागलं की पुस्तकाचं नाव, तारीख आणि कारण एका वहीत लिहायचं. आपल्याकडे नाही, बाहेर गेलंय, बांधणीत आहे, जागेवर सापडलं नाही, असं कारण असेल ते. ही वही कुणाला जाब विचारण्यासाठी नाही, हे पहिल्या दिवशीच सांगायचं आणि ते पाळायचं. महिनाभरात साखळी कुठं तुटते, ते वहीच सांगते. ‘जागेवर सापडलं नाही’ याच नोंदी जास्त असतील, तर नवी पुस्तकं घेण्याआधी कपाटं लावायला हवीत, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

दुसरी गोष्ट मागणीच्या चिठ्ठीची. कुणी एखादं पुस्तक मागून ठेवलं असेल, तर ते आल्याबरोबर त्यात रंगीत चिठ्ठी घालायची. त्यावर एवढंच लिहायचं, ‘वाचक वाट पाहत आहे, अमुक तारखेपासून.’ चिठ्ठी पुस्तकाबरोबर टेबलामागून टेबल फिरते. बिलात फरक असेल तर लिपिक स्वतःहून म्हणतो, ‘ही दोन पुस्तकं पुढं जाऊ देत, हिशेबाचं मी विक्रेत्याशी बघतो.’ नियम मोडत नाही, फक्त नियमाच्या पलीकडचा माणूस दिसू लागतो.

तिसरी गोष्ट खिडकीच्या पाळीची. आतल्या खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकानं आठवड्यातून दोन तास देवघेवीवर बसायचं. सुरुवातीला कुरकुर होते. पण तालिका करणाऱ्या बाई खिडकीवर बसल्या की त्यांना कळतं, वाचक पुस्तक लेखकाच्या पूर्ण नावानं मागत नाही, ‘ते निळ्या कव्हरचं’ म्हणून मागतो. नोंदीत टोपणनावाचा संदर्भ का हवा, हे त्यांना मग वेगळं सांगावं लागत नाही. आणि खिडकीवरचा माणूस आत बसला की एका पुस्तकामागे किती कारागिरी असते, ते त्यालाही कळतं.

चौथी गोष्ट पाव तासाची बैठक. आठवड्यातून एकदा, वाचक यायच्या आधी, सगळ्यांनी उभ्या उभ्या. सेवकानं आधी बोलायचं, ग्रंथपालानं शेवटी. क्रम महत्त्वाचा आहे. साहेब आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात आणि बैठक संपते. कुठल्या कप्प्यात पुस्तकं नेहमी उलटसुलट होतात, कोणत्या खिडकीतून पावसाचं पाणी येतं, कोणते आजोबा हल्ली दिसत नाहीत, हे सर्वांत आधी सेवकाला माहीत असतं. त्याला विचारलं म्हणजे त्याचा मान राहतो, आणि माहितीही खरी मिळते.

या चारही गोष्टी भीतीपुढं मात्र टिकत नाहीत. पुस्तक हरवलं की पगारातून वसुली, हा धाक अनेक ठिकाणी अजून असतो. मग माणूस काय करतो? कपाटाला कुलूप लावतो, मुक्तद्वार पद्धतीला विरोध करतो, नवं महागडं पुस्तक देताना हात आखडतो. तो स्वतःला वाचवत असतो आणि त्यात पहिलं सूत्र बुडतं. वास्तविक केंद्र सरकारचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियमसुद्धा ग्रंथालयाच्या बाबतीत समंजस आहेत. देवघेव झालेल्या किंवा वाचनासाठी काढलेल्या दर हजार पुस्तकांमागे वर्षाला पाच पुस्तकं गहाळ होणं ते वाजवी धरतात, मात्र त्यामागे लबाडी किंवा हलगर्जीपणा नसावा. हजार रुपयांहून जास्त किमतीचं पुस्तक गेलं तर मात्र चौकशी हवीच. आपल्या संस्थेला हे नियम थेट लागू नसतील, पण त्यांतलं शहाणपण घ्यायला कुणाची हरकत आहे? वापर वाढला की थोडी झीज होणार. कुलूपबंद कपाटात एकही पुस्तक हरवत नाही आणि एकही वाचलं जात नाही. संचालक मंडळानं असा ठराव करून तो सर्वांना वाचून दाखवावा. पडताळणीच्या दिवसांत एकमेकांकडे संशयानं बघणारी माणसं मग एकत्र बसून पुस्तकं शोधू लागतात.

गेल्या काही वर्षांत संगणकानंही माणसांत फट पाडली. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार होऊन २००० साली सुरू झालेली ‘कोहा’ ही प्रणाली मोफत मिळते. या शब्दाचा माओरी भाषेतला अर्थच ‘भेट’ असा आहे. आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ प्रणालीही आहे. साधनं उत्तम, पण होतं असं, की नवा मुलगा संगणकावर बसतो आणि पंचवीस वर्षं पुस्तकं हाताळलेला सेवक एकदम अडाणी ठरतो. ही फार महागात पडणारी चूक आहे. जुन्या नोंदी संगणकावर चढवताना दोघांची जोडी लावावी. जुन्यानं पुस्तक हातात घेऊन वाचावं, नव्यानं टंकावं. ‘या पुस्तकाचे दोन खंड आहेत, दुसरा बांधणीत गेलाय’, ‘हे याच लेखकाचं, फक्त नाव बदलून छापलंय’, अशी माहिती कुठल्याच वहीत नसते. ती त्या सेवकाच्या डोक्यात असते आणि त्याच्या निवृत्तीबरोबर निघून जाते. जोडीनं काम केलं की ती ग्रंथालयात राहते, आणि तोही कळ दाबायला शिकतो. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभारायला घेतलं, तेव्हा इमारतींबरोबर माणसं शिकवण्याचे वर्गही सुरू केले होते. प्रशिक्षण फक्त वरच्या माणसाला देऊन भागत नाही, हे तेव्हाही ठाऊक होतं.

खेड्यातलं ग्रंथालय असेल, तर तिथं माणूसच एक. तोच ग्रंथपाल, तोच लिपिक, तोच झाडूवाला. त्यानं कुणाशी संघ बांधायचा? त्याचा संघ ग्रंथालयाच्या भिंतीबाहेर असतो. शाळेतल्या बाई मुलांची आवड सांगतात, निवृत्त पोस्टमन संध्याकाळी तासभर बसतात, आठवी-नववीची मुलं रविवारी पुस्तकांना कव्हरं घालतात, कार्यवाह तालुक्याला गेले की बांधणीचा गठ्ठा घेऊन जातात. या सर्वांची नावं फळ्यावर लिहावीत. अशा एकट्या माणसाला सर्वांत जास्त खचवतं ते एकटेपण. जवळच्या चार गावांच्या ग्रंथपालांनी महिन्यातून एकदा एकमेकांच्या ग्रंथालयात भेटावं, जास्तीची पुस्तकं आपसात फिरवावीत. चहाच्या खर्चात हे होतं.

राहिला प्रमुखाचा वाटा. शाल-श्रीफळ देऊन वर्षातून एकाला ‘उत्कृष्ट सेवक’ ठरवलं की उरलेले पाच जण आपोआप कमी उत्कृष्ट ठरतात. त्यापेक्षा नेमकी दखल घ्यावी. ‘छान काम करता’ हे सगळ्यांनाच म्हणता येतं. ‘गेल्या मंगळवारी कृषीचा कप्पा तुम्ही लावलात, त्यामुळं त्या शेतकऱ्याला डाळिंबाचं पुस्तक दोन मिनिटांत मिळालं,’ हे ज्यानं पाहिलंय तोच म्हणू शकतो. चूक दाखवायची ती बंद दाराआड, श्रेय द्यायचं ते चारचौघांत. आणि मंडळासमोर अहवाल वाचताना ‘मी’ऐवजी माणसांची नावं यावीत.

शेवटचं सांगणं ग्रंथालयाच्या सभासदांना, म्हणजे तुम्हाला. एखादं पुस्तक उपयोगी पडलं, त्यावर परीक्षा निघाली, एखादी रात्र चांगली गेली, तर परत करताना ते सांगा. खिडकीवर सांगा आणि म्हणा, ‘आत ज्यांनी हे लावलं होतं त्यांनाही सांगा.’ तो निरोप आतल्या खोलीपर्यंत पोचतो. तिथं दुसऱ्या दिवशी नवा गठ्ठा सुटतो, तेव्हा त्याची दोरी थोडी लवकर कापली जाते.